आमच्या घरातला कट्टा: न्याहारीच्या कोपऱ्याचे आठ महिन्यांनंतरचे परीक्षण

पुण्यात कर्वेनगर भागातल्या आमच्या सदनिकेत स्वयंपाकघराच्या टोकाला, पूर्वेच्या खिडकीखाली, साडेसहा फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद असा एक कोपरा आहे. अकरा वर्षे तो गव्हाची कोठी, भरलेला सिलिंडर, रिकामा सिलिंडर आणि इस्त्रीला द्यायच्या कपड्यांचे गाठोडे यांच्या ताब्यात होता. गेल्या हिवाळ्यात इमारतीत पाइपचा गॅस आला, दोन्ही सिलिंडर गेले, आणि मोकळ्या झालेल्या त्या जागेत सकाळचे इतके सुरेख ऊन पडते हे आम्हाला प्रथमच दिसले. तिथे भिंतीला जोडलेला बाक आणि एक टेबल करून घ्यायचे ठरले. काम शहरातल्या एका मध्यम आकाराच्या, घरांची अंतर्गत सजावट करणाऱ्या व्यावसायिकांना दिले. त्यांचे नाव मी इथे देत नाही, कारण त्यांच्याकडून चुका झाल्या आणि त्यांतल्या बहुतेक त्यांनी निस्तरल्याही. नाव घेतले की वाचणाऱ्याच्या मनात चुका तेवढ्या उरतात. मार्चअखेर काम संपले. त्यानंतर एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक दिवाळी या कोपऱ्याने पाहिली आहे, तेव्हा आता त्याविषयी लिहायला हरकत नाही.

आमच्या अपेक्षा चार होत्या. सकाळी चौघांनी, म्हणजे मी, माझे यजमान, नऊ वर्षांची मुलगी आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई यांनी, एकत्र बसून न्याहारी करावी. दुपारी मुलीचा अभ्यास तिथे व्हावा. आठवड्यातून दोन दिवस मी घरून काम करते ते तिथे करता यावे. आणि बाकाच्या पोटात सामान राहावे. पहिल्या दोन अपेक्षा उत्तम पुऱ्या झाल्या, तिसरी निम्मी झाली, चौथी वेगळ्याच रीतीने झाली. मात्र या चारही गोष्टींचे बरेवाईट ज्याच्यावर ठरले ते एकच होते, आणि नेमके तेच कामाच्या सुरुवातीच्या कागदांत कुठेही नव्हते.

आम्हाला पहिल्या भेटीनंतर आठवड्याभरात संगणकावर तयार केलेले त्रिमितीय चित्र मिळाले. चित्र सुंदर होते. फिकट हिरव्या गाद्या, सागवानी कड असलेले टेबल, खिडकीत तुळस, टेबलावर संत्र्याच्या रसाचा पेला. सोबत वरून पाहिल्यासारखा आराखडा होता आणि त्यात लांबीरुंदीची मापे होती. बाक आणि टेबल बाजूने उभे कापले तर कसे दिसतील, म्हणजे बैठक जमिनीपासून किती उंच, त्यावर गादी किती जाड, गादीच्या वर टेबल किती अंतरावर, पाठ किती कललेली, हे दाखवणारा छेद मात्र त्यांनी काढला नव्हता आणि मलाही तो मागण्याचे सुचले नाही. रंग कोणता, कड गोल की चौकोनी, यावर आम्ही तीन बैठका घालवल्या. उंचीबद्दल कोणी एक वाक्यही बोलले नाही.

परिणाम असा झाला की सुताराने बाकाचा सांगाडा अठरा इंच उंचीचा केला, कारण बैठक अठरा इंच असावी असे त्याला सांगितले होते. सोफ्याची कामे करणाऱ्या कारागिराने त्यावर चार इंचांची गादी केली, कारण त्याला चार इंच सांगितले होते. दोघांनीही आपापले काम चोख केले. बसल्यावर गादी इंचभर दबत होती, म्हणजे प्रत्यक्ष बैठक एकवीस इंचांवर गेली, आणि टेबल नेहमीचे तीस इंचांचे होते. बैठक आणि टेबलाचा वरचा पृष्ठभाग यांच्यामध्ये जे अकरा-बारा इंच लागतात त्यांचे नऊ झाले. माझी मांडी टेबलाच्या खालच्या चौकटीला घासू लागली, सासूबाईंचे पाय जमिनीला जेमतेम टेकू लागले आणि मुलगी तर झोपाळ्यावर बसल्यासारखी पाय हलवत पोहे खाऊ लागली. चित्रातल्या कोपऱ्यात आणि आमच्या कोपऱ्यात डोळ्यांना दिसण्याजोगा काहीच फरक नव्हता, त्यामुळे काम पाहायला आलेल्या तरुण अभियंत्याला तक्रार पटेना. त्याला बसवून चहा दिला, तेव्हा पटली.

दुरुस्तीचे श्रेय मी सुताराला देईन. त्याने बाकाचा पाया वेगळ्या लाकडी चौकटीवर बसवला होता, त्यामुळे वरची पेटी न मोडता खालची चौकट कापून त्याने बाक दोन इंचांनी खाली आणला. गादीचा चार इंचांचा, ३२ घनतेचा फोम काढून दोन इंचांचा, ४० घनतेचा फोम घातला. घनतेचा हा आकडा म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोग्रॅममधले वजन. आकडा मोठा तसा फोम सहसा अधिक टिकतो. आता सोळा इंचांचा सांगाडा आणि दोन इंचांची गादी अशी अठरा इंचांची बैठक आहे, वरती बारा इंच मोकळे आहेत, आणि दीड तास गप्पा मारूनही कोणाला उठावेसे वाटत नाही. पातळ गादी कमी आरामशीर असेल अशी माझी समजूत होती. ती चुकीची निघाली. जेवणाच्या बैठकीत खूप रुतायला झाले तर माणूस ताटापासून दूर जातो.

माणसे किती बसतील याचाही हिशेब असाच फसला. आम्हाला सहा जणांचे आश्वासन होते. इंग्रजी एल या अक्षराच्या आकाराच्या बाकाची एक भुजा साडेसहा फुटांची, दुसरी साडेपाच फुटांची. माणशी दोन फूट धरले की कागदावर सहा जण बसतात. पण दोन भुजा मिळतात तिथल्या कोपऱ्यात बसणाऱ्याचे गुडघे शेजाऱ्याच्या गुडघ्यांवर येतात, तेव्हा ती जागा माणसाची नसून उशीची किंवा वर्तमानपत्राची आहे असे समजावे. शिवाय बाक कितीही लांब असला तरी ताट टेबलावर ठेवायचे असते. आमचे टेबल चार फूट लांब आणि अठ्ठावीस इंच रुंद आहे. लांब बाजूला दोघे, भिंतीकडच्या टोकाला एक आणि समोर खुर्च्यांवर दोघे, असे पाच जण नीट जेवतात. माणसे टेबलाच्या कडेवर मोजावीत, बाकावर मोजू नयेत, हे मी आता घर करून घेणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाला न विचारता सांगते.

या प्रकारच्या जागेचा इतिहास पाहिला तर आत बसलेल्याला बाहेर यायची अडचण बाकाच्या आकारातून येते असे दिसते. अमेरिकेत १९२० च्या दशकातल्या लहान बंगल्यांमध्ये स्वयंपाकघराला लागून समोरासमोर दोन पक्की बाके आणि मध्ये टेबल अशी न्याहारीची जागा करण्याची पद्धत चांगलीच रुळली होती, आणि आगगाडीच्या डब्यातल्या बैठकीशी असलेल्या साम्यामुळे तिला पुलमन हे रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीचे नावही चिकटले होते. त्या रचनेत दोन्ही बाके वाटेकडे उघडी असतात. आतला माणूस बाहेर यायचा तर फार तर एकाने उठावे लागते. जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागांतल्या घरांत मात्र कोपऱ्याला धरून जाणारा बाक असतो आणि आपल्याकडचे बहुतेक सजावटकार आज तोच आकार देतात, कारण तो चौरस फुटांत स्वस्त पडतो. त्यात खिडकीकडच्या भिंतीलगत मधोमध बसलेल्या माणसाला सुटका नसते. आमच्या घरी ही जागा यजमानांनी आपणहून घेतली आहे. सकाळी चटणी आणायला उठावे लागू नये हा त्यांचा हेतू मला पहिल्या आठवड्यातच कळला.

सासूबाईंसाठी बाक हा प्रकारच गैरसोयीचा ठरला, आणि ज्यांच्या घरी वडीलधारी मंडळी आहेत त्यांनी हा परिच्छेद सावकाश वाचावा. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बाकावर सरकत आत जाता येत नाही. उठताना त्याला दोन्ही हातांखाली काहीतरी घट्ट लागते आणि टाचा गुडघ्यांच्या मागे न्याव्या लागतात. बाकाची पेटी जमिनीपर्यंत सरळ उतरली असेल तर टाचा तिला अडतात. आमच्या बाकाला खाली तीन इंच आत घेतलेली खाच आहे आणि ती आधीच्या आराखड्यातही होती, ही या कामातली एक चांगली गोष्ट. तरीही सासूबाईंनी दोन दिवसांत निकाल दिला, “अगं, तुमचा कट्टा तुम्हाला लखलाभ, मला माझी खुर्ची दे.” त्यांची हातांची जुनी सागवानी खुर्ची मोकळ्या बाजूला ठेवली. ती मागे ओढली की ड्राय बाल्कनीकडे जाणारी वाट अडते, तेव्हा कपडे वाळत घालायचे काम न्याहारीच्या आधी किंवा नंतर, मध्ये नाही, असा नियम आपोआप झाला. कट्टा हे नाव मात्र त्या दिवसापासून घरात रूढ झाले.

टेबलाच्या पायांचा प्रश्नही त्यांच्याच खुर्चीमुळे उघड झाला. बाकावर सरकत आत जायचे तर टेबलाला चार कोपऱ्यांत चार पाय चालत नाहीत, ते पोटऱ्यांना लागतात. म्हणून मधोमध एकच लोखंडी खांब असलेले टेबल दिले होते. कल्पना बरोबर होती. पण चार फुटांच्या फळीला एक खांब कमी पडला. सासूबाई उठताना कडेवर भार देत आणि समोरच्या कडेवरचा चहा बशीत येई. खांबाची बैठक जमिनीला पक्की करावी असा उपाय सुचवण्यात आला, परंतु टेबल हलले नाही तर बाकाचे झाकण उघडत नव्हते, त्याविषयी पुढे सांगते. शेवटी एकाऐवजी दोन खांबांचा पाया घेतला, एकमेकांपासून अडीच फुटांवर. त्याचे ५,२०० रुपये आम्हाला वेगळे द्यावे लागले आणि मला ते अजून पटलेले नाही, कारण लांब टेबलाला दोन खांब लागतात हे ठरवणे आमचे काम नव्हते.

आता झाकणाविषयी. बाकाच्या पेटीत सामान ठेवण्यासाठी वरून उघडणारी झाकणे आणि त्यांना आधार देणारे, हवेच्या दाबावर चालणारे दांडे बसवले होते. बाजारात त्यांना सरसकट हायड्रॉलिक म्हणतात. दाखवताना ते फार छान दिसते. वापरताना आधी बसलेली माणसे उठवावी लागतात, मग गाद्या उचलाव्या लागतात, मग टेबल ओढावे लागते, कारण जेवताना ताट अंगापाशी यावे म्हणून टेबलाची कड बाकावर दोन इंच आलेली असते आणि ती तशी असायलाच हवी. पहिल्या महिन्यात पोह्यांची पिशवी काढण्यासाठी हा सोपस्कार दोनदा केल्यावर मी रोजचे सामान तिथून हलवले. आज त्या पेटीत गौरींचे मुखवटे आणि स्टँड, गणपतीचे मखर, आकाशकंदील, चकलीचा सोऱ्या आणि पाहुण्यांसाठीची मोठी पातेली आहेत. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंसाठी ही जागा उत्तम आहे आणि पोटमाळ्यावर चढणे वाचले, हे मान्य. पण त्यासाठी महागडे दांडे नको होते, साध्या बिजागऱ्या पुरल्या असत्या. उलट बाकाच्या वाटेकडच्या टोकाला सुताराने उरलेल्या जागेत स्वतःच्या बुद्धीने दोन खण काढले. चॅनलवर बाहेर येणारे हे खण कोणालाही न उठवता उघडतात, आणि चमचे, टेबलावरचे रुमाल, मुलीच्या वह्या, माझ्या लॅपटॉपचा चार्जर असे सगळे त्यांतच राहते. संपूर्ण बाकात अशी सोय असती तर किती बरे झाले असते.

लाकडाच्या बाबतीत तक्रार करण्याजोगे थोडेच आहे. सगळीकडे पाण्यात न सुटणारे, आयएस ७१० या मानकाचे अठरा मिलिमीटरचे प्लायवूड वापरले असून प्रत्येक पत्र्यावरचा शिक्का सुताराने कापण्याआधी मला दाखवला. मला विचाराल तर एवढ्याची गरज नव्हती. रोज ओले पोतेरे जिथे लागते तो पाया आणि बाहेरच्या भिंतीला टेकणारी मागची बाजू सोडली, तर उरलेल्या भागाला आयएस ३०३ मधले ओलावा सोसणाऱ्या दर्जाचे प्लायवूड चालले असते आणि काही हजार वाचले असते. पायाला दुरुस्तीच्या वेळी प्लॅस्टिक आणि लाकडाच्या भुशापासून केलेली पट्टी लावली, ती पाण्याने फुगत नाही. पेटीच्या मागे भिंतीपासून पाऊण इंच मोकळी जागा आणि पुढच्या फळीला हवा जाण्यासाठी छोट्या जाळ्या आहेत. जुलैमध्ये सलग दहा दिवस ऊन नव्हते तेव्हा मी मुद्दाम आत हात घालून पाहिले. दमट वास होता, बुरशी नव्हती. नव्या प्लायवूडचा आणि चिकटवणीचा वास मात्र जवळपास तीन आठवडे गेला नाही, आणि त्या काळात पेटीत ठेवलेल्या कापडी पिशव्यांना तो आजही येतो.

गाद्यांच्या कापडाबद्दल आमचे घरात दोन पक्ष होते. यजमानांना पुसता येणारे रेग्झिन हवे होते आणि मला सुती. उन्हाळ्यात खिडकीशेजारचे रेग्झिन पाठीला चिकटते या एका मुद्द्यावर मी जिंकले. सुती खोळींना साखळी आहे, त्या निघतात आणि धुता येतात; दोन संच शिवून घेतले. कारागिराने कापड आधी पाण्यात भिजवून, वाळवून मग बेतले, नाहीतर पहिल्या धुण्यात खोळ आटते आणि फोमवर चढत नाही. न सांगता केलेल्या या गोष्टीबद्दल त्याला पैकीच्या पैकी गुण. हळदीचे डाग पडायचे ते पडलेच. आमटीचा डाग साबणाने घासला की लालसर होतो, हे पाहून मुलगी घाबरली होती. हळदीतला रंग क्षारात लाल होतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. साबण धुऊन काढून खोळ दोन दिवस कडक उन्हात टाकली की डाग पुष्कळसा उडतो. पावसाळ्यात मात्र ऊन मिळत नाही आणि ऑगस्टपासूनचा एक डाग अजून आहे. गादी आणि पाठ यांच्या फटीत चिवडा, शेव आणि पेन्सिलीची टोके जमतात, म्हणून गाद्या खिळवून टाकू दिल्या नाहीत हे बरे झाले. दर शनिवारी उचलून झाडतो, त्यामुळे झुरळे अजून फिरकलेली नाहीत.

पाठीचा कल हा चित्रातून सुटलेला आणखी एक मुद्दा. आधी भिंतीला समांतर सरळ फळी होती आणि तिच्यावर पाऊण तास टेकले की कंबर बोलू लागे. सुताराने फळीच्या मागे खालून निमुळत्या होत जाणाऱ्या पट्ट्या ठोकून पाठ किंचित मागे झुकवली. त्यासाठी बाक मुळात एकोणीस इंच खोल होता म्हणून निभावले. पाठीची जाडी वजा जाता सोळा-साडेसोळा इंच बसायला उरतात आणि जेवणाच्या बैठकीला ते ठीक आहेत.

दिव्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती आता हास्यास्पद वाटते. त्रिमितीय चित्रांतल्या घरांत पंखा कधीच नसतो. आमच्या चित्रातही टेबलाच्या वर वेताच्या टोपलीचा लोंबता दिवा होता आणि पंखा नव्हता. पुण्यात एप्रिलमध्ये पंख्याशिवाय कोणी उपमा खाऊ शकत नाही, म्हणून पंखा बसवला, आणि तो लावताक्षणी दिवा घड्याळाच्या लंबकासारखा झुलू लागला. भिंतीवर वेताच्या सावल्यांची जाळी अशी फिरे की सासूबाईंना घेरी येई. दोर काढून बाजूच्या भिंतीवर, टेबलापासून अडीच फूट उंचीवर, एक दिवा लावला. त्यात पिवळसर, ३००० केल्विनचा दिवा आहे, तो जेवणाला आणि वाचनाला दोन्हीला पुरतो. मुलीच्या चित्रकलेसाठी छतावरचा पांढरा दिवा वेगळ्या बटणावर ठेवला आहे. विजेची बटणे आणि खाचा आराखड्यात पाठीच्या गादीमागे होत्या, त्या काम चालू असतानाच टेबलाच्या वर अर्ध्या फुटावर घेतल्या. एक सहा अँपिअरची, एक सोळाची. विजेची किटली आणि इंडक्शन शेगडी सोळाच्याच खाचेवर चालवावी लागते, आणि डोसे टेबलावरच गरम गरम घालायचे असतील तर ती हवीच.

आता बहुउपयोगी या शब्दाकडे येते, कारण काम घेताना सर्वांत जास्त वेळा उच्चारला गेलेला शब्द तोच होता. न्याहारी, दुपारचा चहा, भाजी निवडणे, मुलीचा गृहपाठ, शेजारणींच्या गप्पा यांना ही जागा मनापासून चालते. सासूबाई मेथी निवडत असताना समोर मुलगी पाढे लिहीत बसते आणि माझे पोळ्या लाटता लाटता दोघींकडे लक्ष राहते. हे आमच्या दिवाणखान्यातल्या जेवणाच्या टेबलावर कधी घडले नव्हते, कारण ते टेबल स्वयंपाकघरातून दिसत नाही. घरून काम करायला मात्र ही जागा दोन तासांपुरती ठीक आहे. खिडकी पाठीशी येत असल्याने सकाळी दहापर्यंत लॅपटॉपच्या पडद्यावर ऊन चमकते, बैठकीला असलेल्या सहकाऱ्यांना माझ्या जागी काळी आकृती दिसते, आणि बाकाला खुर्चीसारखे वरखाली करता येत नाही. बांबूचा चिकाचा पडदा लावल्यावर ऊन आटोक्यात आले, पाठ आली नाही. आठ तासांच्या कामासाठी मी पुन्हा बेडरूममधल्या मेजाकडे गेले आहे. सजावटकार जेव्हा हीच जागा पाहुण्यांना झोपायलाही होईल म्हणाले होते तेव्हा मी हसून सोडून दिले, तेच योग्य होते.

मुलांच्या संदर्भात दोन गोष्टी आहेत. पहिली सुरक्षिततेची: खिडकीचा कठडा जमिनीपासून तीन फुटांवर असला तरी बाकावर उभ्या राहिलेल्या मुलाला तो दीड फुटांवर येतो. आमच्या खिडकीला लोखंडी जाळी पक्की आहे. ती नसती तर मी खिडकीखाली बाक करू दिला नसता, आणि याबद्दल मला आधी कोणी विचारले नाही हे मी गंभीर मानते. दुसरी गोष्ट पायांची. अठरा इंचांच्या बैठकीवर नऊ वर्षांच्या मुलीचे पाय अजूनही अधांतरी राहतात आणि तसे बसून अक्षर चांगले येत नाही. मी तिच्या पायांखाली घरातला जुना पाट सरकवला. सासूबाईंनी तो तत्काळ उचलला. “ज्या पाटावर याच्या मुंजीत मातृभोजनाला बसलो, त्यावर पाय ठेवायचा? काय म्हणावं तुम्हाला!” मग सुताराकडून उरलेल्या प्लायवूडचे, सहा इंच उंचीचे वेगळे पायठाण करून घेतले. पाट भिंतीला परत गेला, आणि सासूबाईंच्या शब्दाला मानही राहिला.

खर्चाचा आणि वेळेचा हिशेब असा. अंदाजपत्रक ८४,००० रुपयांचे होते. अखेरचे बिल कर धरून ९७,४०० रुपयांचे झाले. वाढलेल्या १३,४०० रुपयांत टेबलाच्या पायाचे ५,२००, फोम आणि खोळी बदलण्याचे ४,७०० आणि दिवा हलवण्याचे ३,५०० आले. म्हणजे वाढ आमच्या हौसेची नव्हती, पहिल्या आराखड्यात जे ठरवायचे राहिले त्याची होती. मजुरीचा भार त्यांनी उचलला, साहित्याचा आम्ही. पंधरा दिवसांचे काम एकतीस दिवस चालले. त्यांतले नऊ दिवस केवळ एका रंगाच्या सनमायकाची वाट पाहण्यात गेले आणि दुसरा रंग चालेल का हे विचारणारा फोन नवव्या दिवशी आला. कामाच्या वेळी धूळ आवरण्यासाठी त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात प्लॅस्टिक लावले होते, रोज संध्याकाळी भुसा झाडून नेत. एकदाही ओट्यावर खिळे सापडले नाहीत. फोन उचलतात, चूक दाखवली की आधी वाद घालतात, पण दुसऱ्या दिवशी माणूस पाठवतात.

मी त्यांना पाचपैकी साडेतीन गुण देईन. सुतारकाम आणि शिवणकाम साडेचारचे आहे, आराखडा दोनचा. त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्याने चित्राआधी छेद मागावा, त्यावर गादी दबल्यानंतरची बैठकीची उंची आणि टेबलाची खालची कड, हे दोन आकडे इंचांत लिहून घ्यावेत, आणि शक्य असेल तर विटा किंवा रद्दीचे गठ्ठे रचून, वर फळी टाकून एक दिवस तिथे बसून चहा प्यावा. घरातल्या सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वयस्कर माणसाला आधी बसवावे. आम्ही नंतर हे केले, तेव्हा पंधरा मिनिटांत सगळे कळले. अंदाजपत्रकात झाकणाऐवजी खणांचा भाव स्वतंत्र विचारावा; तो जास्त सांगतील, तरी खणच घ्यावेत.

हमी एक वर्षाची आहे. पावसाळ्यात फुगलेला खालचा खण अजून थोडा घासतो आणि त्याचा चॅनल बदलायला सुतार येत्या रविवारी येणार आहे. बिलातले पाच हजार रुपये मी राखून ठेवले आहेत, ते त्याच दिवशी द्यायचे ठरले आहे. पायठाणाचे पैसे त्याने घेतले नव्हते, तेही त्यात घालून देईन.